“एजंटला सांगितलंय” एवढ्यावर राहू नकोस

अगं, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, “बाळाचं नाव मेडिक्लेममध्ये घालायचंय ना ताई, एजंटला सांगितलंय, तो करेल.” बाळ रडत होतं, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण रुग्णालयाच्या विमा काउंटरवर बसून हेच वाक्य मी फार लोकांच्या तोंडून ऐकते. “एजंटला सांगितलं होतं.” “फोन केला होता.” “ते म्हणाले, होऊन जाईल.” आत माणूस ॲडमिट असतो, टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, उत्तर आलेलं असतं की या नावाची नोंद पॉलिसीत नाही, आणि समोर उभा असलेला मुलगा मोबाइलमधला जुना कॉल मला दाखवत असतो. त्या कॉलचं मी काय करू? मला तर तो पुढे पाठवताही येत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवते आहे. एका बैठकीत नाही झालं तर तुकड्या-तुकड्याने वाच, पण वाच.

आपल्याकडे पॉलिसी एकदा घेतली की कपाटात जाते आणि दरवर्षी फक्त हप्ता भरला जातो. मधल्या काळात लग्न होतं, मूल होतं, घर बदलतं, नोकरी बदलते, कोणाला शुगर निघते. कपाटातल्या कागदाला यातलं काहीच कळत नाही. वास्तविक पॉलिसी हा करार आहे आणि त्यात बदल करून मागता येतो. माणूस जोडता येतो, काढता येतो, रक्कम वाढवता-घटवता येते, नाव, पत्ता, नॉमिनी बदलता येतो. काही बदल वर्षाच्या मध्येच होतात, काही फक्त नूतनीकरणाच्या वेळी होतात. आणि एखाद-दुसरी गोष्ट अशी असते की ती सुरुवातीला राहून गेली तर पुढे त्याच पॉलिसीत कधीच करता येत नाही. तीही सांगते.

मधल्या बदलाला विमावाले ‘एन्डोर्समेंट’ म्हणतात. तू अर्ज करायचा, कंपनीने तो तपासायचा, हप्त्यात फरक पडत असेल तर तो भरून घ्यायचा किंवा परत द्यायचा, आणि मग एक पत्र द्यायचं. त्या पत्रावर क्रमांक असतो, काय बदललं ते असतं आणि तो बदल कोणत्या तारखेपासून लागू हे असतं. ते पत्र हातात येईपर्यंत बदल झाला असं मानायचंच नाही. १९३८ च्या विमा कायद्यातलं ६४ व्हीबी हे कलम आहे ना, ते सांगतं की हप्त्याचे पैसे मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणजे एजंट कितीही भला असो, तुझ्या घरी वर्षानुवर्षं येणारा असो, त्याच्या डायरीत लिहिलेल्या नावाला विमा लागू होत नाही.

म्हणून अर्ज स्वतः कर. पॉलिसीत जो ई-मेल नोंदवलेला आहे त्याच ई-मेलवरून कंपनीच्या ग्राहकसेवेला लिही. पॉलिसी क्रमांक, काय बदल हवा, कोणत्या तारखेपासून हवा, सोबत पुरावा. एजंटला त्याची प्रत दे, तो पाठपुरावा करेल, त्यासाठीच त्याला कमिशन मिळतं. पण मूळ मागणी तुझ्या नावाने, लेखी, तारखेसह कंपनीकडे गेलेली असू दे. पत्र आलं की नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, नातं, रक्कम आणि लागू होण्याची तारीख या पाच जागा बोट ठेवून वाच. जन्मतारखेतला एक आकडा चुकला तरी कॅशलेसच्या वेळी आधार कार्डाशी जुळत नाही आणि मग त्या घाईत दुरुस्ती करत बसावं लागतं.

आता बाळाचं. तुझं बाळंतपण नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून झालं. अशा ग्रुप पॉलिसीत बाळ बहुतेकदा पहिल्या दिवसापासून येतं, पण एचआरला ठरावीक मुदतीत नाव कळवावं लागतं. ती मुदत किती, ते आजच विचार. तुमची घरची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेली, आहे तिची गोष्ट निराळी. बाळंतपणाचं संरक्षण नसलेल्या अनेक पॉलिसींत बाळाला नव्वद दिवस पूर्ण झाल्यावरच घेतात, आणि तेही आपण अर्ज केला, जन्मदाखला दिला, वाढीव हप्ता भरला तर. आपोआप काही होत नाही. काही कंपन्या वर्षाच्या मध्ये घेतात, काही म्हणतात पुढच्या नूतनीकरणाला या. तुझ्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघ. लहान अक्षरातलं इंग्रजी वाचवत नसेल तर ‘ग्राहक माहिती पत्रक’ माग. आरोग्य विम्याच्या प्रत्येक पॉलिसीसोबत ते द्यावंच लागतं, आणि मागितलं तर स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही मिळायला हवं. विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा तसा नियम आहे. मागायला लाजू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. तुमची फ्लोटर पाच लाखांची आहे. चार वर्षांपूर्वी ठीक होती, आता दोघांच्या जागी तिघं झालात आणि पुण्यातल्या रुग्णालयांचे दर तू स्वतः पाहिलेस. रक्कम वाढवायलाच हवी. ती साधारणपणे नूतनीकरणाच्या वेळीच वाढवता येते. त्या वेळी कंपनी नव्याने प्रश्न विचारते, कधी रक्ततपासणी, ईसीजी करून घेते, आणि तिला नाहीही म्हणता येतं. रक्कम आहे तेवढीच ठेवली तर मात्र नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने नव्याने तपासणी लावायची नाही, आणि मागच्या वर्षी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारायचंही नाही. हा फरक लक्षात ठेव. जुनी रक्कम सांभाळणं हा तुझा हक्क आहे. वाढ मात्र कंपनीच्या मान्यतेवर आहे, आणि ती मान्यता निरोगी माणसाला लवकर मिळते.

दुसरं असं की वाढलेल्या रकमेला प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ, नव्याने लागतो. जुने पाच लाख मुरलेल्या लोणच्यासारखे आहेत, वाढवलेले पाच लाख आज बरणीत भरलेले. एकाच बरणीत दिसले तरी दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. समज, नवऱ्याला आज बीपीचं निदान झालं आणि पुढच्या नूतनीकरणाला तुम्ही दहा लाख केले. मग बीपीशी संबंधित आजारासाठी रुग्णालयात जावं लागलं तर जुन्या पाच लाखांपर्यंतचा खर्च मिळेल, कारण त्या रकमेसाठी ते आधीपासूनचं दुखणं नव्हतं. वरच्या पाच लाखांच्या दृष्टीने मात्र ते आधीपासूनचंच दुखणं झालं, म्हणून त्यांना पॉलिसीत लिहिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत थांबावं लागेल. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त छत्तीस महिने असू शकतो, आधी अठ्ठेचाळीस होता. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांसारख्या ठरावीक उपचारांचा प्रतीक्षा काळही वाढीव रकमेला पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आणि ते साठ महिन्यांचं कलम, की पाच वर्षं सलग पॉलिसी चालली तर मग फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, तेही वाढीव रकमेसाठी नव्याने सुरू होतं.

म्हणून मी तुझ्या मागे लागते आहे. काउंटरवर जी कुटुंबं येतात त्यांतली कितीतरी म्हणतात, “या वर्षी वाढवणारच होतो.” तिशीत, काही दुखत नसताना वाढव. दुप्पट रकमेला हप्ता सहसा दुप्पट पडत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसींवरचा अठरा टक्के जीएसटीही गेला आहे. कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींना ती सूट नाही, पण तुमच्या घरच्या फ्लोटरला आहे. तेवढी बचत रक्कम वाढवण्यात घाल.

वाढ मागताना फॉर्ममध्ये खरं लिही. तुझी थायरॉइडची गोळी बाळंतपणात सुरू झाली, ती लिही. “त्यात काय एवढं, बारीकशी गोळी” असं म्हणून सोडू नकोस. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर जुन्या आजारांची नोंद करतातच, आणि क्लेम तपासणारा माणूस ती ओळ सगळ्यात आधी वाचतो. लिहिलंस तर कंपनी फार तर थोडा जास्त हप्ता लावेल किंवा प्रतीक्षा काळ लावेल. लपवलंस तर पूर्ण क्लेम अडकू शकतो, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते.

रकमेइतकीच दुसरी एक अट बघ, ती म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. तुमच्या पॉलिसीत विमा रकमेच्या एक टक्का असं असेल तर पाच लाखांवर दिवसाला पाच हजार. समज, खोली आठ हजारांची घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. सर्जनची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हा खोलीच्या दर्जाशी जोडलेला खर्चही कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच असा, कापते. सर्जनची फी ऐंशी हजार असेल तर पन्नास मिळतील, तीस तुमच्याकडून. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूलाही नाही, एवढाच दिलासा. डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि मंजूर रक्कम यांतला फरक बघून जी माणसं हादरतात, त्यांच्यातल्या खूप जणांचं कारण हेच असतं. काही कंपन्या थोडा जास्त हप्ता घेऊन ही मर्यादा काढून टाकतात. नूतनीकरणाला रक्कम वाढवायचा अर्ज करशील तेव्हा हेही विचार. मला विचारशील तर दहा लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा, यापेक्षा सात लाख आणि मर्यादा नाही, हे मी घेईन.

हप्ता फारच वाढतोय असं वाटलं तर मूळ पाच लाख तसेच ठेवून वर सुपर टॉप-अप घ्यायचा मार्ग आहे. वीस लाखांचा सुपर टॉप-अप, डिडक्टिबल पाच लाख, म्हणजे वर्षभरातले खर्च मिळून पाच लाखांच्या वर गेले की तो सुरू होतो. ते पहिले पाच लाख घरच्या पॉलिसीने भरले, ऑफिसच्या पॉलिसीने भरले की खिशातून गेले, याने सहसा फरक पडत नाही. नुसता ‘टॉप-अप’ घेऊ नकोस. त्यात प्रत्येक आजारपणाचा खर्च वेगवेगळा मोजतात, त्यामुळे तीन-तीन लाखांची दोन आजारपणं झाली तर तो उघडतच नाही. ‘सुपर’ मध्ये बेरीज होते. ही नवी पॉलिसी असल्याने तिचाही प्रतीक्षा काळ पहिल्यापासून असतो, म्हणून तीही आताच घ्यायची. हातात आल्यावर तीस दिवस फ्री-लुकचे मिळतात. नीट वाच, अटी पटल्या नाहीत तर परत कर.

सासूबाईंना तुमच्या फ्लोटरमध्ये घालायचा विचार तू बोललीस. मनातून मला तो आवडला, तुझा स्वभावच तसा आहे. पण तसं करू नकोस. फ्लोटरचा हप्ता बहुतेक ठिकाणी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्या आत आल्या की तुमच्या तिघांचाही हप्ता त्यांच्या वयाने मोजला जाईल, आणि एका मोठ्या ऑपरेशनने सगळ्यांची रक्कम त्या वर्षापुरती संपेल. त्यांची पॉलिसी वेगळी काढ. त्यांना शुगर आहे म्हणून कोणी देणार नाही असं समजू नकोस. वयाची अट घालून विमा नाकारण्याची मुभा आता कंपन्यांना उरलेली नाही, ज्येष्ठांसाठी पॉलिसी ठेवाव्याच लागतात. हप्ता जास्त असेल, प्रत्येक बिलात काही टक्के आपण भरायची अट असेल, तरी घे. आणि जानेवारी २०२५ पासून साठीच्या वरच्या लोकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, त्यामुळे पूर्वीसारखी एकदम उडी बसणार नाही.

आता नवऱ्याच्या नोकरीचं, कारण तो बदलायच्या विचारात आहे असं आई म्हणाली. ग्रुप पॉलिसी बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. नवी नोकरी दोन महिन्यांनी सुरू होणार असेल तर ते दोन महिने तुम्ही घरच्या फ्लोटरवर असाल, म्हणून त्याच्या आत बाळाचं नाव त्यात गेलेलं हवं. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करायचा हक्क असतो, आणि इतकी वर्षं भोगलेला प्रतीक्षा काळ त्यात धरला जातो. बहुतेकांना हे माहीतच नसतं, कारण निरोपाच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करायच्या गडबडीत कोणी हे सांगत नाही. राजीनामा देण्याआधी एचआरला लेखी विचारा. बाबांची शुगर ऑफिसच्या पॉलिसीत वर्षानुवर्षं चालली आणि निवृत्तीनंतर बाहेर नवी घ्यायला गेलो की पुन्हा पहिल्यापासून, असं किती घरांत होतं.

सध्याच्या कंपनीवरच तू नाराज असशील तर पॉलिसी दुसरीकडे नेता येते, त्याला पोर्टिंग म्हणतात. प्रतीक्षा काळाचं जुनं पुण्य सोबत येतं, पण जुन्या रकमेपुरतंच. नवी कंपनी तुम्हाला घ्यायला बांधील नाही. म्हणून नूतनीकरणाच्या निदान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज दे, आणि तिकडून होकार आल्याशिवाय इकडची सोडू नकोस. मध्ये खंड पडू देऊ नकोस, हे तर तुला सांगायला नको. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, त्यात भरलं तर सलगता राहते, पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांत आजारी पडलं तर संरक्षण धरून चालू नकोस.

कधी उलटी वेळही येते. पैशांची ओढाताण असते आणि यंदा हप्ता सोडून द्यावा असं वाटतं. तेव्हा सोडण्याऐवजी कमी कर. ॲड-ऑन काढ, रक्कम घटव, डिडक्टिबल घे. घटवायला कंपनी आडकाठी करत नाही. पुन्हा वाढवताना मात्र वर सांगितलं ते सगळं लागू होईल, म्हणून हा शेवटचा उपाय. वीस लाखांचे दहा करून तग धरता आला तरी चालेल. सुटलेली पॉलिसी चाळिशीनंतर, शुगर घेऊन, पुन्हा मागायला जाणं फार जड जातं.

आयुर्विम्याकडे वळते. बाबांनी तुझ्या नावाने घेतलेल्या एलआयसीच्या पॉलिसीवर अजून माहेरचं नाव आहे आणि नॉमिनी बाबा आहेत. लग्नाने ते आपोआप बदलत नाही. नाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं. तू माहेरचंच नाव लावतेस, तर काही करू नकोस, फक्त आधार, पॅन, बँक खातं आणि पॉलिसी चारही ठिकाणी एकच नाव असू दे. नॉमिनी पॉलिसीची मुदत संपेपर्यंत कधीही, कितीही वेळा बदलता येतो, आणि एकाहून जास्त नावं हिश्शांसह घालता येतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर तोच रकमेचा खरा हकदार धरला जातो, पूर्वीसारखा नुसता रक्कम स्वीकारणारा नव्हे. म्हणून कोणाचं नाव घालायचं ते विचार करून ठरव. बाबांनाच ठेवलंस तरी माझी ना नाही, पण ते तुझं ठरवलेलं असावं. बाळाचं नाव घातलंस तर ते अठरा वर्षांचं होईपर्यंत पैसे कोणी स्वीकारायचे, त्या अपॉइंटीचं नावही द्यावं लागतं, आणि त्याची सही लागते.

नवऱ्याची टर्म पॉलिसी पन्नास लाखांची आहे आणि डोक्यावर गृहकर्ज आलंय. काही टर्म पॉलिसींत लग्न, मूल, गृहकर्ज अशा प्रसंगी नव्या वैद्यकीय तपासणीशिवाय रक्कम वाढवायची सोय असते, पण प्रसंगानंतर ठरावीक महिन्यांतच, आणि तो पर्याय सुरुवातीला निवडलेला असेल तरच. तुमच्या पॉलिसीत ते आहे का ते आज रात्रीच बघा. नसेल तर दुसरी टर्म पॉलिसी घ्या, आणि तीच संधी साधून ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. मी वर म्हटलं ना, एखादी गोष्ट नंतर करता येत नाही, ती ही. नवऱ्याने पॉलिसी घेतानाच तो अर्ज भरून दिला तर ती रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी बनते, त्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. जुन्या पॉलिसीला हे मागाहून जोडता येत नाही. तो स्वतःचा व्यवसाय सुरू करायच्या गोष्टी करतोय, म्हणून मी हे मुद्दाम सांगतेय. अवघड वाटलं तरी त्याच्याशी बोल.

गाडीचं थोडक्यात. जुनी स्कूटर विकलीत, तर नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यायला हवं, त्याच्या मागे लाग. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. त्याचं पत्र घेऊन ठेव, नव्या गाडीला वापर. कारला बाहेरून सीएनजी किट बसवणार असाल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद आणि लगेच विमा कंपनीला पत्र, कारण हप्त्यात फरक थोडाच पडतो पण नोंद नसेल तर अपघाताच्या क्लेममध्ये वाद निघतो.

आणि मावशीच्या चिपळूणच्या घराचं तूच तिला सांग, माझं ती ऐकत नाही. जुलै २०२१ च्या पुरात तिच्या गल्लीत काय झालं ते तिने पाहिलंय. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे, त्यात पूर येतो. तिने वरचा मजला चढवला, पण विम्यात बांधकामाचं क्षेत्रफळ अजून जुनंच आहे. ते वाढवून घ्यायला हवं. घरातल्या सामानाचं संरक्षण इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत आपोआप मिळतं, पण दागिने त्यात नाहीत, ते वेगळे मागून घ्यावे लागतात.

कंपनीने अर्जाला उत्तरच दिलं नाही किंवा कारण न देता नाकारलं, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन नंबर आहे. तिथेही भागलं नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. तिथे तुझ्या ई-मेलची तारीख कामाला येते. मी पाहिलेल्या लोकांपैकी ज्यांच्याकडे तारखेचा कागद होता ते खंबीरपणे बोलत होते.

आता या रविवारी बाळ झोपलं की फ्लोटरची पॉलिसी काढ आणि नूतनीकरणाची तारीख मला कळव. बाळाच्या नावाचा ई-मेल आजच लिही, मसुदा मी संध्याकाळी पाठवते, तू फक्त क्रमांक भर. सासूबाईंचे शुगरचे मागचे रिपोर्ट आणि सध्याच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटोही पाठव. त्यांचा फॉर्म आपण दोघी मिळून भरू, आणि सही करण्याआधी त्यांना मराठीत वाचून दाखवू.